फाटक मी धरलं होतं

सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या नगराध्यक्षा माननीय ताई, व्यासपीठावर बसलेले मुख्याधिकारी साहेब, गुरांचे डॉक्टर, पालिकेचे आजी-माजी सदस्य, कार्यालयातली सगळी कर्मचारी मंडळी, आमच्या गावातून ट्रॉलीत बसून आलेले शेतकरी बांधव, मागच्या दाराशी उभे असलेले मेंढपाळ बंधू-भगिनी (पुढे या, बसा, खुर्च्या रिकाम्या आहेत) आणि जिच्यासाठी आपण कामं टाकून जमलो ती आजची सत्कारमूर्ती, आपली सगळ्यांची किल्लीबाई, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या आधी पाच जण बोलले. फार छान बोलले. मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या ताई मधेच चिठ्ठी पाठवतील, ते त्यांचं कामच आहे. पण ताई, आज मी चिठ्ठी उघडणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

बाईंना किल्लीबाई का म्हणतात, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. आज निवृत्त होईपर्यंत सत्तावीस वर्षं त्यांनी पालिकेचा कोंडवाडा सांभाळला. मोकाट जनावर, दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर, बेवारस जनावर, जे कोणी धरून आणेल ते आत घ्यायचं, त्याला चारा-पाणी करायचं, नोंद करायची आणि साहेबांची सही आल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही. किल्ली कायम कमरेला. एकदा तत्कालीन नगराध्यक्षांचीच गाय बाजारात भाजी खाताना सापडली. निरोप आला, ‘गाय घरी पाठवून द्या.’ बाईंनी उलट निरोप धाडला, ‘गाय बरी आहे. अर्ज घेऊन या.’ नगराध्यक्षांच्या सौभाग्यवती तासभर रांगेत उभ्या राहिल्या, आणि शेवटी खूश होऊन गेल्या, कारण म्हणे गाय घरी इतकी स्वच्छ कधी नसते.

हसलात, बरं वाटलं. कारण यापुढे हसण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

माझी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, ‘स्वतःच्या माणसांसमोर, भर गर्दीत खरं बोलणारा शेतकरी.’ निमंत्रणपत्रिकेतही तसंच छापलंय. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. अकरा वर्षं मी त्या टाळ्या ऐकतोय. त्यांच्या जोरावर शेतकरी मंडळाचा अध्यक्ष झालो, याच सभागृहात माझा सत्कार झाला. आज मला त्या टाळ्यांबद्दलच बोलायचंय. बाई, हात करू नका, मी खाली बसणार नाही.

अकरा वर्षांपूर्वीची परिस्थिती निम्म्या सभागृहाला आठवत असेल. आमच्या शिवारातून मेंढपाळांची जुनी वाट जाते. थंडी संपली की कळप त्या वाटेनं डोंगराकडे जातात आणि पुढे परत येतात. माझ्या लहानपणी त्या वाटेवर दोन बैलगाड्या समोरासमोरून आरामात जायच्या. मग काय झालं? आम्ही नांगरत गेलो. दरवर्षी नांगराचं एक तास आत. माझ्या वडिलांनी एक घेतलं, मी तीन घेतली, बांधापलीकडच्यानं पाच. वाट इतकी अरुंद झाली की मेंढी चालताना तिचं तोंड आपोआप पिकात जायला लागलं. मग आम्ही म्हणायला मोकळे, की यांच्या मेंढ्या आमचं पीक खातात! त्या वर्षी आम्ही वाटेच्या तोंडावर काटेरी फांद्या टाकून ती बंदच केली. मेंढपाळांचे दोनतीन तळ पलीकडच्या पडीक रानावर अडकून बसले. त्यातच कोकरं जन्मायचे दिवस. दोनदा मारामारी झाली होती. आमच्यातल्या एकाचं डोकं फुटलं होतं, त्यांच्यातल्या एकाचं मनगट मोडलं होतं. दोन्हीकडची माणसं काठी घेतल्याशिवाय पाणी भरायलाही जात नव्हती.

आणि एका पहाटे माझा वाटाणा गेला. शेंगा भरलेलं, दोन दिवसांत तोडणीला येणार होतं ते रान. माझ्या बायकोनं स्वतःच्या हातानं पेरलेलं. मी पोचलो तेव्हा मातीत खुरांची चाळण झालेली आणि लांब, डोंगराच्या बाजूला, धुरळा उडत होता. एक कळप काटे बाजूला सारून अंधार ओसरण्याआधीच निघून गेला होता. धुरळा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. हे लक्षात ठेवा.

तो कळप काही माझ्या हाती लागणार नव्हता. हाताशी कोण होतं? पडिकावर बसलेले. मी, माझा धाकटा भाऊ आणि गावातली दहा माणसं, असे बारा जण तिकडे गेलो. एका तळावरच्या मेंढ्या वाळक्या गवतात फिरत होत्या. राखायला एकटी बाई, त्या घरची सून. सासरा पाणी आणायला गेलेला. आम्ही एकशे वीस मेंढ्या तिच्यासमोरून हाकून नेल्या. ती मागे धावली. ‘भाऊ, पिल्लं तळावर जाळीत कोंडलीत हो, दूध पिती पिल्लं आहेत!’ असं ओरडत राहिली. पाण्याच्या टाकीपर्यंत आली असेल, मग तिला पिल्लांसाठी परत फिरावं लागलं.

कोंडवाड्यावर बाईंनी वही उघडली आणि विचारलं, ‘कुठं धरली?’

मी म्हणालो, ‘माझ्या वाटाण्यात.’

‘वाटाण्यात, उभ्या पिकात?’

‘उभ्या पिकात.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मेंढ्यांकडे. लिहून घेतलं आणि कुलूप लावलं.

ज्यांनी जुना कोंडवाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. छातीएवढी दगडी भिंत, वर पत्र्याचा अर्धा आडोसा आणि एकच लोखंडी फाटक. ते फाटक उतारावर होतं. उघडून धरायला माणूस लागायचा, कारण हात काढला की ते आपल्याच वजनानं धाडकन मिटायचं आणि खांबावर आपटायचं.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे गेली. एका बाजूनं मेंढपाळ आले, चाळीस-पन्नास. दुसऱ्या बाजूनं आमची माणसं, चार ट्रॅक्टर भरून. साहेब त्या दिवशी बैठकीला परगावी. पोलीस आला तो एकटा, त्याच्याकडे शिट्टी. मधे कोंडवाडा आणि दारात बाई. आमचे लोक म्हणत होते, ‘सोडायच्या नाहीत, लिलाव करा.’ धाकटा तर म्हणत होता, ‘किल्ली द्या, आम्ही आमच्या गोठ्यात नेतो.’ तिकडून आवाज येत होता, ‘फाटक तोडा.’ आणि आत त्या मेंढ्या. सभ्य गृहस्थहो, दूध साठलेल्या चाळीस-पन्नास माद्या एकाच वेळी ओरडायला लागल्या की काय होतं, ते मी शब्दांत कसं सांगू? खाली फरशीवर दूध ठिबकत होतं. त्यांचं त्यांनाच आवरत नव्हतं.

मग गर्दी बाजूला झाली आणि ती सून आली. मागे तिचा सासरा. दोघांच्या घोंगड्यांत, टोपल्यांत, खांद्यांवर कोकरं. सत्तेचाळीस कोकरं, सकाळपासून उपाशी. तळावरच्या बाकीच्या बायकाही उचलून घेऊन आल्या होत्या. दोन वाटेतच मेली होती. ती दोनही तिनं आणली होती. ती बाईंना म्हणाली, ‘मेंढ्या सोडू नका. तुमचा कायदा असेल तर असेल. पण यांना पाजू द्या.’

धाकटा ओरडला, ‘फाटक उघडायचं नाही! साहेबांची सही दाखवा.’

बाई त्याला म्हणाल्या, ‘सही बाहेर सोडायला लागते. आत घ्यायला कधी लागली आहे?’

आमच्यातलेही दोघंतिघं हसले. त्या हसण्यानं जरा वाट मोकळी झाली. बाईंनी ओरडून सांगितलं, की फाटक हातभरच उघडेल, एकही मेंढी बाहेर येणार नाही, एकेक कोकरू आत जाईल. आणि मग मला बोट दाखवलं. ‘तुम्ही धरून आणल्यात ना? मग फाटक तुम्हीच धरा. उतार आहे, हात सोडू नका.’ खांबापाशी त्यांनी त्या म्हाताऱ्याला उभं केलं. सून कोकरू उचलून त्यांच्या हाती द्यायची, ते डावा हात खांबावर टेकवून वाकायचे आणि उजव्या हातानं कोकरू आत सोडायचे. बाई आत उभ्या राहून मेंढ्यांना मागे रेटत होत्या.

हे सगळं सुरू झालं आणि आवाज कमी व्हायला लागला. आई पिल्लू ओळखायची, पिल्लू ढुशा द्यायला लागायचं, तिथला एक आवाज बंद व्हायचा. दहा आत गेली, वीस गेली. पलीकडच्या एका पोरसवदा मेंढपाळानं काठी खाली ठेवलेली मी पाहिली. आमचा एक जण ट्रॅक्टरवरून उतरून बघायला पुढे आला होता.

तेवढ्यात बाई माझ्या जवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘भाऊ, यांच्या डाव्या कुशी बघा.’

मी पाहिल्या. सगळ्यांच्या आत गेलेल्या, खोल.

‘पहाटे ओला वाटाणा पोटभर खाल्ला असता, तर आत्तापर्यंत निम्म्या फुगून आडव्या झाल्या असत्या. एकीच्याही तोंडाला हिरवं लागलेलं नाही. मी जे दिसतंय ते लिहिणार आहे. खाली सही तुमची लागेल. काय करायचं ते ठरवा.’

डॉक्टरसाहेब मान डोलावतायत. तुम्हाला हे एका नजरेत कळलं असतं. मलाही कळत होतं, मी काय शहरातून आलो होतो? मला फक्त कुणी म्हणायला नको होतं.

पाठीमागे माझं गाव उभं. सही केली तर गावासमोर खोटा, नाही केली तर वहीत खोटा. हे कसंही करून संपावं, फाटक मिटावं आणि मी घरी जावं, एवढंच डोक्यात. आणि नेमकी एक मेंढी बाईंच्या हाताखालून निसटून बाहेरच्या कोकराकडे झेपावली. धाकट्यानं आरोळी ठोकली, ‘दादा, मेंढ्या सुटतायत! सोड फाटक!’

आणि मी सोडलं.

थांबा. कुजबुज नको, मला पुढचं सांगायचं धैर्य एकदाच मिळणार आहे. त्या म्हाताऱ्यांचा हात खांबावर होता. मला दिसत होता. घाईत दिसला नाही, मेंढी आडवी आली, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. पण दिसत होता. बोटातली चांदीची अंगठीसुद्धा दिसत होती. आणि दिसत असताना मी फाटक सोडलं.

ते ओरडले नाहीत. नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. बाईंनी खांद्यानं फाटक मागे ढकललं, डोक्याचा रुमाल काढून त्यांच्या हाताला गुंडाळला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही गेली. पुढच्या क्षणाला चाळीस काठ्या वर झाल्या. एक दगड आला आणि ट्रॅक्टरचा दिवा फुटला. आमचे लोक पहारी काढायला लागले. पोलीस शिट्टी फुंकत होता आणि ती कुणाला ऐकू येत नव्हती. त्या दिवशी तिथं माणसं मेली असती. दोन्हीकडची. त्यांतले कितीतरी जण आज या सभागृहात बसलेत.

त्या म्हाताऱ्यांनी चांगला हात वर केला. त्यांच्या माणसांनी विचारलं, ‘कुणी सोडलं? नाव सांगा, कुणी सोडलं?’

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, ‘फाटक जड होतं. माझाच हात चुकला. अजून कोकरं बाहेर आहेत, ती आत घ्या.’

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण काठ्या थांबल्या. सून रडत होती, रडत रडत तिनं पुढचं कोकरू उचललं. आता फाटक बाईंनी स्वतःच्या पाठीनं रेटून धरलं होतं.

तेव्हा मला कंठ फुटला. तोच तो प्रसिद्ध क्षण, ज्याच्या टाळ्या तुम्ही आजवर वाजवल्यात. मी भिंतीवर चढलो आणि ओरडलो, ‘मेंढ्या माझ्या शेतात धरल्या नाहीत! पडिकावर धरल्या. पीक दुसऱ्याच कळपानं खाल्लं.’ आमची माणसं मान खाली घालून ट्रॅक्टरवर चढली. ऊन उतरायच्या आत, सही नसताना, बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर मेंढ्या सोडल्या. पुढे दोन महिन्यांनी वाटेची मोजणी झाली, खुणेचे दगड लागले, आम्ही आमची तासं मागे घेतली. भांडणं संपली असं मी म्हणणार नाही. गेल्या साली पुन्हा एकदा काटे पडले होते, ते मी स्वतः उचलले. पण काठी घेऊन पाणी भरायला आता कुणी जात नाही.

मला वाटलं, मी खरं बोललो, फिटलं. पण मी अर्धंच बोललो होतो, आणि उरलेल्या अर्ध्याचं ओझं दुसऱ्याच कुणावर तरी पडलं.

साहेब, आपण तेव्हा इथे नव्हता. बाईंची चौकशी लागली. विनापरवाना फाटक का उघडलं, विनासही मेंढ्या का सोडल्या, आणि तुमच्या निष्काळजीपणामुळे एका माणसाची बोटं का गेली? साक्षीदार म्हणून मला बोलावलं. खोली लहान होती. बाई समोरच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून. अधिकाऱ्यानं विचारलं, ‘फाटक मिटलं कसं?’

मी म्हणालो, ‘गर्दी होती साहेब. नेमकं काही दिसलं नाही.’

तिन्ही गोष्टींपैकी पहिल्या दोन बाईंनी कबूल केल्या. तिसरीवर त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं, फाटक कुणाच्या हातात होतं. माझं नाव घेतलं असतं, तर गाव पुन्हा पेटलं असतं. एवढं त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे मला कळत होतं. त्यांची बढती गेली. सेवापुस्तकात शेरा बसला, ‘निष्काळजीपणामुळे इजा’. कोंडवाड्याच्या त्याच खुर्चीवर त्यांनी पुढची अकरा वर्षं काढली. त्या दिवशी पायऱ्या उतरताना मी समोर आलो, तेव्हा मला काय म्हणाल्या असतील? ‘घरी जा भाऊ. ऊन फार आहे.’

धाकट्या, उठलास का? जायचं तर जा, मी अडवत नाही. तुझ्यावर मी काही ढकलत नाहीये. ओरडलास तू, पण हात माझे होते. बसलास? बरं झालं.

आमच्या घरात हे माझ्या बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हाच तिला सांगितलं. अकरा वर्षं तिनं मला टोचलं नाही. पण परवा ही पत्रिका घरी आली, तिनं ती वाचली आणि म्हणाली, ‘पुन्हा तेच अर्धं सांगणार असाल, तर मी घरीच बरी.’ ती बघा, बायकांच्या बाजूला चौथ्या रांगेत बसलीय. आली आहे.

मुख्याधिकारी साहेब, हा कागद. यात मी काय पाहिलं आणि काय केलं ते सगळं लिहिलंय, खाली माझी सही आहे. चौकशीत मी खोटं बोललो हेही लिहिलंय. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ द्या, मी इथेच आहे. माझी विनंती एकच. बाई आज कार्यालय बंद होईपर्यंत सेवेत आहेत. आता चार वाजून दहा मिनिटं झालीत. तो शेरा अंगावर घेऊन त्यांनी घरी जाऊ नये. आज सगळं उरकणार नाही म्हणता, मान्य. कागद दाखल करून घेतल्याची नोंद तरी आज करा. केलीत? ताई, तुम्ही अध्यक्ष म्हणून सही करताय, फार उपकार झाले.

बाई, तुम्ही डोळे पुसताय, तुम्ही रागावला असाल तरी मला चालेल. मी तुमचे आभार मानणार नाही, कारण आभार मानून मोकळं होण्यासारखं हे नाही. पुढचं आयुष्य तुम्हाला शांततेचं जावो. दाराला कुलूप लावायची आठवणसुद्धा राहू नये, इतकं निवांत.

आयोजकांचे आभार, सूत्रसंचालक ताईंचे विशेष आभार, त्यांनी तीन चिठ्ठ्या पाठवल्या आणि चौथी पाठवली नाही. तुम्ही सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा चुकला असेल, आवाज चढला असेल, तेवढं सभागृहानं पोटात घालावं. त्याच्यापुढची माफी मात्र सभागृहाकडे मागून भागणार नाही.

शेवटच्या रांगेत, दाराशेजारी, सुनेबरोबर ते बसले आहेत. डावा हात मांडीवर आहे. बाबा, तुम्ही उठू नका. मीच खाली येतोय.